बघू

आईने आमच्याकडे कायमचे राहावे, असा प्रस्ताव मी तिच्यापुढे ठेवला तो सांता फेच्या आमच्या स्वयंपाकघरात, ती भाजी निवडत असताना. वडील जाऊन वर्ष होत आले होते. कोकणातल्या घरात ती एकटीच उरली होती, आणि सहा महिन्यांसाठी म्हणून प्रथमच अमेरिकेत आली होती. माझे बोलणे तिने शेवटपर्यंत ऐकून घेतले आणि म्हणाली, "बघू."

मराठी घरात वाढलेल्या माणसाला या शब्दाचा अर्थ सांगावा लागत नाही. नाही म्हणायचे, पण समोरच्याला दुखवायचे नाही, तेव्हा आपण 'बघू' म्हणतो. मी मात्र तोवर बरीच वर्षे अशा लोकांत नोकरी केली होती, जे होय किंवा नाही म्हणून मोकळे होतात. मी तो शब्द जसाच्या तसा घेतला. आईला बघायचे आहे ना, मग सगळे दाखवू, असे मी ठरवले.

ऐंशीच्या दशकातला तो उन्हाळा मग शनिवारांच्या सहलींत गेला. थर्मासमध्ये चहा, डब्यात दशम्या, मागच्या सीटवर आई आणि माझी आठ वर्षांची मुलगी, आणि पुढे पत्नी व माहितीपुस्तिका पाठ केलेला मी. रिओ ग्रांदेच्या खोल घळीवरच्या पुलावर उभे राहून मी तिला नदीचे वय सांगितले. ती कठड्यावरून वाकून म्हणाली, "पाणी आहे खरं, पण भरायचं कसं?" चिमायोच्या जुन्या चर्चमध्ये लोक पवित्र माती घेत होते. तिने ती अंगाऱ्यासारखी कपाळाला लावली आणि चिमूटभर रुमालाच्या टोकाला बांधली. मी इतिहास सांगू लागताच तिने दटावले, "गप्प बस. देवळात भाषण करू नये." एका शनिवारी पहाटे निघून, तासन्‌तास गाडी हाकून मी तिला पांढऱ्या वाळूच्या टेकड्यांपाशी नेले.

"इतक्या लांब वाळू बघायला आणलंस? आपल्या दारात होती की."

"आई, ही साधी वाळू नाही, जिप्सम आहे."

"असेल. पायाला वाळूच लागते."

परतताना पत्नी हळूच म्हणाली, "अहो, एखादा शनिवार त्यांना घरी बसू द्या." मी तिला समजावले की आईचे मत अजून तयार होत आहे.

ते तयार झाल्यासारखे मला वाटले ते कड्यात कोरलेल्या प्राचीन घरांपाशी. तिथे खोलीत शिरायला लाकडी शिडी लावलेली असते. आईने शिडीकडे पाहिले, पदर खोचला आणि नातीने "आजी, यू कॅन डू इट!" असा घोष करताच ती चढून गेली. वर त्या कोनाड्याएवढ्या खोलीत ती बराच वेळ बसून राहिली. खाली ओढ्याकाठची झाडे, समोर उन्हाने तापलेला कडा. शेवटी ही भूमी तिला भिडली, असे मी मनाशी म्हटले.

खाली उतरून तिने विचारले, "ही शिडी कुठे मिळते रे?"

"कशाला?"

"तुझ्या घराला एवढं सपाट छप्पर, आणि वर जायला जिना नाही! ऊन नुसतं वाया जातंय."

मी त्याच दिवशी शिडी विकत आणली. पुढच्या आठवड्यांत आमच्या मातीच्या रंगाच्या घरावर जुन्या चादरी पसरल्या आणि त्यांवर साबुदाण्याच्या पापड्या, बटाट्याचा कीस आणि कुरडया वाळू लागल्या. कोकणात आभाळाकडे डोळे लावून वाळवण करणारी माझी आई या उन्हावर बेहद्द खूश होती. वर्षाची बेगमी माणूस जिथे वर्ष काढायचे तिथेच करतो. मी आनंदाने तिच्या कायमच्या वास्तव्याच्या कागदपत्रांची चौकशी सुरू केली.

"अहो," पत्नी म्हणाली, "त्या डब्यांवर डबे भरताहेत, ते तुमच्या आवडीचं बघून. स्वतःच्या आवडीचं एकही नाही त्यात."

तरीही मी छपरावर जाऊन आईलाच विचारले, तेही चतुराईने. "आई, इथे पावसाची भीती नाही. मग एवढी बेगमी कशाला?"

"ऊन बारा महिने असेल रे. मी असेन का?" कुरडई उलटत ती म्हणाली.

"पण तिकडे तू एकटी काय करशील?"

"आणि इथं? शनिवार सोडला तर घरात कोण असतं?"

ती रागाने बोलली नव्हती. तिने चादरीचे टोक माझ्या हाती दिले आणि आम्ही दोघांनी ती सावलीत ओढली. सोमवार ते शुक्रवार ती काय बघत होती, हे मला एकाही माहितीपुस्तिकेत मिळाले नसते. आम्ही दोघे नोकरीवर, मुलगी शाळेत नाहीतर सुट्टीतल्या शिबिरात, आणि ती खिडकीशी. नकार तिने पहिल्याच दिवशी, भाजी निवडता निवडता, आपल्या रीतीने दिला होता. मी त्याची सहल केली.

विमानतळावर निरोप देताना तिने नातीच्या गालावरून हात फिरवला आणि मला विचारले, "तू कधी येशील?"

रजा, मुलीची शाळा, नवा प्रकल्प, सगळे माझ्या डोळ्यांपुढून सरकले.

"बघू," मी म्हणालो.

माझ्या आईला तो शब्द नीट कळत होता. तिने पदर सारखा केला.

"तिकडे बघण्यासारखं काही नाही रे," ती म्हणाली. "नुसता ये."