जमनाची शर्यत आणि पायऱ्यांखालचे डबे

गेल्या रविवारी आपल्या नाशिकच्या स्टेडियमवर विद्यापीठाच्या मैदानी स्पर्धा होत्या. तिथलं वायफाय माझ्याकडे होतं... द्वारका चौकातल्या दुकानात रेडिओ दुरुस्त करता करता, पुस्तकं चाळत हे शिकलेला मी माणूस. पण क्रीडा विभागाच्या मेधामॅडमनी विश्वास टाकला.

सकाळी धुकं होतं. दवाने ओल्या रिकाम्या पायऱ्यांवरून मी उघडा लॅपटॉप हातावर घेऊन फिरत होतो. वायफायचे डबे उंच खांबांवर, ताकद पूर्ण सोडलेली... कुठेही उभं राहा, सिग्नल फुल्ल. वाटलं, अख्ख्या मैदानावर न दिसणारा मांडव घातलाय आपण.

तेवढ्यात जमना आली. पेठ तालुक्यातली पोर, पाच हजार मीटर धावणारी. आई-वडील ओझरजवळच्या मळ्यात द्राक्षं तोडायला, ऐन हंगामात सुट्टी कुठली... लेकीला शर्यतीत धावताना त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. मळेवाल्यांकडे इंटरनेट होतं, आणि शर्यतीच्या वेळी ते दोघांना कॉम्प्युटरसमोर बसवणार होते.

"काका, आईला दिसंल ना मी?"

"अगं, आख्खी दिसशील."

बोलून गेलो खरा...

मग पायऱ्या भरल्या. पोरापोरींच्या मांडीवर लॅपटॉप, हातात नवे फोन. बघता बघता सगळं थंडावलं. शेवटच्या रेषेजवळच्या आमच्या कॅमेऱ्यावरून ओझरला चित्र जाईना... एकदा गेलं, थिजलं, विरलं.

माणसाचं अंग म्हणजे पाण्याचा हंडा, वायफायच्या लहरी पिऊन टाकतं, हे वाचलं होतं. आज पाहिलं. त्यात खांबावरचे डबे सगळ्या गर्दीला एकदम हाका मारत होते, आणि एकमेकांचाच आवाज बुडवत होते.

मेधामॅडम म्हणाल्या, "काका, डबे कळसाला नेऊन बसवलेत. प्रसाद मिळायचा कुणाला?"

हसलो आणि मागे वळलो. मागच्या मांडवात स्वयंसेवकांची पंगत बसली होती, मी तिथेच कडेला टेकलो... एकेका ओळीला एकेक वाढपी, हातात लहानशी बादली. "भात घ्या, भात..." हळूच म्हणत वाकत होता, आपली ओळ सोडत नव्हता. दारात मोठं पातेलं धरून ओरडणारा कुणीच नाही.

मी तसाच उठलो.

सगळे डबे खाली उतरवले आणि पायऱ्यांखाली सरकवले. ताकद अगदी कमी केली, शेजारच्याने शेजारच्याशी बोलावं इतकीच. आता तीच गर्दी मधली भिंत झाली... या डब्याचा आवाज त्या डब्यापर्यंत पोचेना. शेवटच्या रेषेजवळच्या डब्याला वेगळा चॅनेल दिला, दुसऱ्या कुणी वापरायचा नाही असा.

शर्यत सुरू झाली. ऊन मऊ पडलं होतं, आणि जमना लाल मातीवरून तरंगत गेल्यासारखी जात होती. लॅपटॉपवर ओझरची खोली उमटली, जरा अडखळत... आई स्क्रीनच्या इतकी जवळ बसलेली की नुसतं कपाळ आणि कुंकू दिसत होतं.

जमना चौथी आली. धापा टाकत कॅमेऱ्यासमोर बसली, मान खाली. "नाय आला नंबर, आये."

तिकडून आई म्हणाली, "ते राहू दे गं. पायात काय घातलंस? चावत नाय ना?"

जमनाने बूट काढला, मोजा काढला, आणि तळपाय कॅमेऱ्यासमोर धरला. आईने तो नीट निरखून पाहिला... टाच, बोटं, सगळं. मग मागे सरली, तेव्हा कुठे तिचा पूर्ण चेहरा दिसला.

मी खांबाला टेकून उभा होतो. एवढ्या गर्दीतून, एवढ्या अंतरावरून एका माउलीला लेकीचा पाय बघता आला... आणि त्यात माझाही हात लागला. त्या अनोळखी वाढप्यांचे आभार मानायचे मात्र राहूनच गेले.