मूळ आकडा किती?

विट्यात आमच्या गल्लीच्या टोकाला प्राणिशास्त्राचे एक निवृत्त प्राध्यापक राहतात. त्यांच्यासमोर काहीही 'लय वाढलंय' म्हणायची सोय नाही. डास म्हणा, मांजरं म्हणा, सर कपाळाला आठ्या घालून विचारणार, "मूळ आकडा किती?" जन्मले-आले त्यातून मेले-गेले वजा करायचे, उरेल त्याला मूळ आकड्यानं भागायचं, तो खरा वाढीचा दर. मयताच्या घरीसुद्धा ते 'वजा एक' असं पुटपुटतात. लोकांना वाटतं, सर देवाचं नाव घेतायत.

आमच्या गल्लीतली निम्मी माणसं सोनं गाळायच्या धंद्यापायी परमुलखात. त्यामुळं मांजरं सोडली तर गल्लीचा दर उणे आहे, असं सर भेटेल त्याला खुशाल सांगतात. एकदा शेजारच्या काकूंनी हरकत घेतली.

"आवं सर, आमचा पोरगा गावातच हाय. निस्ता ऱ्हायला कोइमतूरला असतोय."

सर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. "काकू, तो वजा. त्याला स्थलांतर म्हणत्यात."

यंदा दिवाळी झाल्यावर सरांचाच मुलगा काकूंच्या पोराच्या कोइमतूरच्या दुकानात कामाला गेला. दुसऱ्या दिवशी चहाच्या गाड्यावर मी मुद्दाम विचारलं, "काय सर, वजा एक धरायचा का?"

सरांनी बशीतल्या चहावर फुंकर घातली.

"कुणाला रं? तो हितंच हाय. निस्ता ऱ्हायला तिकडं असतोय."

मूळ आकडा किती, हे मी विचारलं नाही. त्यांना ते एकच पोर.