चौथा सर्व्हर

"सर्व्हर किती हायेत ते नका सांगू. एक बसला तर उरलेले पेलतील का, ते सांगा." आमचे आप्पा मीटिंगमध्ये एवढंच बोलायचे आणि मान खाली घालून वहीत काहीतरी खरडायचे.

कुरकुंभच्या आमच्या केमिकल कंपनीत हजेरीपासून बॅचच्या नोंदीपर्यंत सगळा कारभार एकाच सॉफ्टवेअरवर. ते चार सर्व्हरवर वाटून चालायचं आणि ते सांभाळायचे आप्पा. मी ऑफिसात नवा, पण स्वतःला भलता शहाणा समजायचो. बघतो तर काय, चारही सर्व्हर निम्मे रिकामे! मग चौथा हवाच कशाला? विचारलं तर म्हणाले, "रिपोर्ट सरासरी सांगतो. गर्दी सरासरीनं येत न्हाई."

झालं, माझ्या डोक्यात किडा वळवळला. त्यात हा माणूस रोज शिफ्ट सुटताना गेटपाशी उभा राहून माणसं मोजायचा. मी जवळ गेलो की वही मिटायचा. तुम्हाला नसता संशय आला? मला वाटलं, हा कुणा ठेकेदाराला आतली खबर देतोय. चौथ्या सर्व्हरवरही परस्पर कुणाचं तरी काम चालवत असणार. मी सरळ मोठ्या साहेबांना मेल ठोकला.

साहेबांनी आप्पांना एका शब्दानं विचारलं नाही. चौथा सर्व्हर शिक्रापूरच्या युनिटला हलवला आणि पाठोपाठ आप्पांचीही तिकडं बदली. जाताना ते वही माझ्या टेबलावर ठेवून गेले. आत नुसत्या वेळा आणि आकडे: शिफ्ट बदलताना किती जण एकदम नोंदी भरतात, किती जण आत येतात. बाकी एक अक्षर नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी साहेबांकडं जाऊन मी चूक कबूल केली नाही.

महिन्याभरात, ऐन शिफ्ट बदलताना, एक सर्व्हर बसला. त्याचा भार उरलेल्या दोघांवर पडला, तेही बसले. नोंद पुरी झाल्याशिवाय आतल्यांना जागा सोडता येईना, बाहेरच्यांना आत येता येईना. माझी पाचावर धारण बसली. फोन लावला तो आप्पांनाच.

"घाबरू नका. एकेक सर्व्हर उठवा. सगळ्यांना एकदम लॉगिन देऊ नका. आधी घरी जाणाऱ्यांना घ्या."

तासाभरात सगळं सुरळीत झालं. मग मात्र मला राहवेना.

"आप्पा, तो मेल मीच केला होता."

"ठावं हाय. बदलीचा कागद देताना साहेबांनी दाखवला हुता."

"मग माझा फोन का उचलला?"

"माणसं खोळंबली हुती म्हणून."

त्यानंतर त्यांनी माझा फोन कधीच उचलला नाही.