सासऱ्यांच्या शेताची सातवी आवृत्ती

तऱ्हेवाईक सासरे बऱ्याच जावयांच्या नशिबी असतात, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण सोनिवलीची जमीन बिल्डरला रीतसर विकून, पेढे वाटून, समोरच्या इमारतीत चौथ्या मजल्यावर राहायला गेल्यावर त्याच जमिनीत पुन्हा भात लावणारा माणूस अख्ख्या बदलापुरात एकच आहे, आणि त्याची मुलगी मी केली आहे. पाप माझंच. माझं उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान. सासरे दिवसभर गॅलरीत उभे राहून खालच्या लोकांना गाड्या मागे घ्यायला शिकवतात आणि शेजाऱ्यांत वाईटपणा येतो, असं सासूबाई म्हणाल्या, म्हणून मी एक जुना कॉम्प्युटर नीट करून बसवून दिला आणि त्यात शेतीचा एक परदेशी गेम टाकला. वाटलं, आठ दिवस ट्रॅक्टर फिरवतील आणि कंटाळतील. त्याला आता तीन वर्षं झाली.

गेम मुळात गव्हाचा. नजर पोचणार नाही एवढी शेतं, ना बांध, ना चिखल. सासऱ्यांनी पहिल्याच दिवशी जाहीर केलं, "ही शेती नाय, मैदान हाय." तेव्हा मी त्यांना मॉडची गोष्ट सांगितली. म्हणजे गेम कंपनीचा, पण जगभरची हौशी मंडळी त्यात पदरचं काहीबाही घालतात, कुणी आपल्या गावचा ट्रॅक्टर, कुणी आपल्याकडच्या गाई, कुणी अख्खं गावच, आणि बाकीच्यांना फुकट खेळायला ठेवतात. हे ऐकलं मात्र, माणूस पेटलाच. दोन महिन्यांत त्यांच्या दावणीला ब्राझीलच्या म्हशी आल्या आणि पोलंडच्या कुणा भल्या माणसानं बनवलेला नांगर आला. त्या नांगराखाली त्यांनी शुद्ध मराठीत अभिप्राय टाकला की भाऊ, फाळ फार उभा बसवलाय, ओढणारा मरेल. त्या बिचाऱ्यानं भाषांतर करून घेतलं, फाळ आडवा केला आणि वर आभार मानले.

खेळायचे नियमही त्यांचे त्यांनी ठरवलेले. कॉम्प्युटरसमोर चपला चालत नाहीत. अमावास्येला औत जुंपायचं नाही. पहिलं पीक हाती आलं तेव्हा नारळ फोडायचा हट्ट धरला. की-बोर्डवर पाणी उडेल म्हणून मी तो हाता-पाया पडून मोरीत फोडायला लावला. गेममध्ये गडी लावता येतो, तो न थकता रात्रंदिवस राबतो. सासरे त्याला भर दुपारी बारा वाजता थांबवतात. मी एकदा म्हटलं, बाबा, तो काही खरा माणूस नाही. "म्हनून काय उपाशी ठेवायचा?" असं म्हणून त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की दुसऱ्या दिवशी मी दुकानातल्या कारागिराला अर्धा तास आधीच जेवायला सोडला.

मग एके दिवशी त्यांनी स्वतःच मॉड बनवायला घेतला. दुसऱ्याचं काहीच नको, आपलंच शेत. व्हिडिओ बघून बघून शिकले. चष्मा कपाळावर, नाक पडद्याला टेकलेलं, आणि आठवून आठवून ओढा, विहीर, आंबा, वारूळ मांडत गेले, ते थेट पूर्वेच्या बांधापाशी येऊन अडले. हा बांध म्हणजे घरातलं दुखणं. पलीकडचं शेत त्यांच्या धाकट्या भावाचं. हातभर बांधावरून दोघांत जुंपली ती इतकी की अकरा वर्षं अबोला. पुढे दोघांनी एकाच बिल्डरला जमीन दिली, बांधाच्या जागी पोहण्याचा तलाव झाला, अबोला मात्र जागच्या जागी. धाकटा राहतो खरवईला, रिक्षानं दहा मिनिटं, पण लग्नकार्यात गाठ पडली की दोघं भिंतीशी बोलतात. सासूबाई आणि त्यांची जाऊ चोरून फोन करतात तेवढाच काय तो संबंध. सासूबाई माझ्याजवळ एकदा रडल्या होत्या. म्हणाल्या, दोघंही सत्तरीला आले, उद्या एक गेला तर दुसरा कुठल्या तोंडानं खांदा देणार?

सासऱ्यांनी अखेर बांध जांभळीच्या पलीकडून काढला आणि शेत जगाला खुलं केलं. तिसऱ्या दिवशी खाली निनावी अभिप्राय आला. मी वाचून दाखवला: शेत छान, बांध चुकला, तो जांभळीच्या अलीकडून पाहिजे, आणि जांभळीला दोन खोडं होती, एकच दाखवलंय. सासऱ्यांनी चष्मा डोळ्यांवर ओढून ते स्वतः पुन्हा वाचलं. मग म्हणाले, "ह्यो धाकला हाय. दुसरं खोड त्यानंच तोडलेलं, ल्हानपनी. मार मी खाल्ला."

बातमी जावांच्या फोनवरून खरवईला पोचली होती आणि तिकडेही सुनेच्या लॅपटॉपवर भात लागला होता. सासऱ्यांनी उत्तर दिलं नाही. दुसरी आवृत्ती काढली. त्यात खोड दोन, बांध तिथंच. धाकट्यानं तेच शेत उचललं, बांध अलीकडे सरकवला आणि ती तिसरी म्हणून चढवली. चौथीत बांध परत पलीकडे, पाचवीत अलीकडे. पोलंडचा भला माणूस चक्रावला. त्यानं विचारलं, सगळ्यांच्या नव्या आवृत्तीत नवी यंत्रं येतात, तुमच्यात एकच मातीचा कट्टा इकडून तिकडे जातो, हा तुमच्याकडचा सण आहे का? मी हसून हसून खुर्चीवरून पडायचा बाकी होतो. सासरे हसले नाहीत, पण त्या दिवसांत ते भाकरी एक जास्त खायला लागले होते.

सातव्या आवृत्तीखाली धाकट्यानं लिहिलं, टेपनं मोजू, रविवारी सकाळी नऊ. सासऱ्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला आणि साक्षीदार म्हणून मला नेलं. त्या जमिनीवर उभ्या राहिलेल्या सोसायटीच्या फाटकाशी धाकटे शेअर रिक्षातून उतरले, हातात टेप. दोघं चार हातांवर उभे, आणि बोलणं सगळं माझ्यामार्फत. यांना सांगा, त्याला सांगा. माझा नुसता टेलिफोन झाला. इतक्यात वॉचमननं विचारलं, "किसके यहाँ जाना है?"

दोघांनी एकदम माझ्याकडे पाहिलं. ज्या जागेत जन्म गेला तिथं कुणाकडे जायचं ते सांगायचं कसं? मी तिथं राहणाऱ्या एखाद्या गिऱ्हाइकाचं नाव ठोकून देणार, तोच सासरे हळूच म्हणाले, "अंदर हमारा खेत है." वॉचमन हसला नाही. त्यानं दोघांकडे नीट पाहिलं आणि वही पुढे केली. सासऱ्यांनी पेन घेतलं, आणि मान वळवून ते धाकट्याला म्हणाले, "तू लिव. तुजं अक्षर चांगलं हाय."

अकरा वर्षांतलं ते पहिलं वाक्य. धाकट्यांनी पेन घेतलं, एकाच ओळीत दोघांची नावं लिहिली, मोठ्याचं आधी. कोणाकडे जायचं, त्या रकान्यात आपल्या वडलांचं नाव लिहिलं.

बांध कुठं होता ते त्या दिवशीही ठरलं नाही. तलावाच्या दोन कडांना दोघं टेपची टोकं धरून उभे होते, पाण्यात सोसायटीची पोरं ओरडत होती, आणि तासभर दोघं एकमेकांशी बोलत होते. आकडा बघायचं कुणाला सुचलं नाही, आणि मीही आठवण केली नाही.