गॅलरीने दिलेली कलचाचणी

दहावीनंतर काय शिकावं हे कळायला शाळेने मोबाइलवर कलचाचणी द्यायला सांगितली. आमच्या गिरगावच्या चाळीत रेंज फक्त गॅलरीत यायची. तिथे बसले तीच माझी चूक. 'यंत्रं दुरुस्त करायला आवडतं का?' शेजारचे काका म्हणाले, "हो टाक." 'वाद घालायला आवडतो का?' पलीकडच्या काकू म्हणाल्या, "हे काय विचारणं झालं? हो." मी आपली मुकाट्याने बटणं दाबत होते.

निकालात माझा कल चाचणीतल्या सातही क्षेत्रांकडे सारखाच निघाला. समुपदेशक बाईंनी चक्रावून विचारलं, "घरी किती जण?"

"घरी चार. गॅलरीत अठरा."

एकच उत्तर माझं होतं. 'एकट्याने काम करायला आवडतं का?' तिथे मी 'माहीत नाही' निवडलं. एकटं बसायला मिळालं होतंच कुठे?