तोंडी परीक्षेचे वीस गुण

आमच्या प्रांत कार्यालयात पोलीस पाटलांच्या भरतीत तोंडी परीक्षेचे गुण आधी पेन्सिलीनं लिहायची पद्धत होती. समितीतले साहेब लोक प्रश्न विचारत, तक्त्यावर पेन्सिलीनं आकडा टाकत, आणि संध्याकाळी तो तक्ता शाईनं पक्का करायला माझ्याकडे येई. कागदावर खाडाखोड दिसू नये म्हणून असं करतात, हे मला पहिल्याच महिन्यात सांगितलं गेलं. मी मान डोलावली. मान डोलावण्यात मी पहिल्यापासून हुशार.

मी तिथं कशी लागले ते सांगायला हवं. नवरा त्याच कार्यालयात लिपिक होता. तो अचानक गेला आणि अनुकंपेच्या यादीत माझं नाव आलं. यादी लांबलचक होती. नवऱ्याच्या शेजारच्या टेबलाला बसणारे अव्वल कारकून एका रविवारी पालमला आमच्या घरी आले, सासूबाईंशी बोलले, चहा घेतला, आणि सहा महिन्यांत माझी ऑर्डर निघाली. माझ्या वरच्या नावांचं काय झालं, हे मी कधीच विचारलं नाही. पदरात दोन मुली होत्या. खरं म्हणजे मला ते जाणून घ्यायचंच नव्हतं.

त्या दिवशी चुडाव्याकडच्या एका गावाची मुलाखत होती. जागा महिलेसाठी राखीव, आणि लेखी परीक्षेतून दोघीच पुढं आलेल्या. एक गावातल्या वजनदार घरची सून. दुसरी बौद्ध वस्तीतली, बी.ए. झालेली, लेखीत पहिलीपेक्षा तेरा गुणांनी पुढं. मी दाराशी बसून उमेदवारांना आत सोडत होते, त्यामुळे आतलं सगळं ऐकू येत होतं. या दुसरीला विचारलं की बांधावरून दोन भावांत कुऱ्हाडी निघाल्या तर काय कराल. ती शांतपणे म्हणाली, आधी ठाण्याला फोन लावीन आणि मग दोघांच्या बायकांना गाठीन, कारण कुऱ्हाड घरात कुठं असते ते त्यांनाच माहीत असतं. एक साहेब हसून वा म्हणाले. माझ्याही मनात आलं, लागली ही.

संध्याकाळी तक्ता टेबलावर आला तेव्हा तिच्यापुढं पेन्सिलीनं सतरा होते आणि वजनदार घरच्या सुनेपुढं नऊ. तेवढ्यात अव्वल कारकून व्हरांड्यात फोनवर बोलून आत आले. त्यांनी स्वतःच्या हातानं दोन्ही आकडे खोडरबरानं पुसले आणि मला नवे सांगितले. सतराच्या जागी तीन, नऊच्या जागी अठरा. मी लिहिले. भीती नंतर आली.

तीनेक आठवड्यांनी तिचा माहितीच्या अधिकारातला अर्ज आला. झेरॉक्स नको, मूळ तक्ता समक्ष बघायचा आहे, असं त्यात लिहिलं होतं. मी फाइल काढली आणि खिडकीशी जाऊन कागद तिरपा धरला. पेन्सिल पुसली गेली होती, पण दाबून लिहिल्याचे वळ कागदावर राहिले होते. शाईच्या तीनखालचा सतरा मला सरळ वाचता आला. मी फाइल बंद केली, पुन्हा उघडली, पुन्हा बघितलं. सतरा तिथंच होता.

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. टेबलावरचा फोन वाजला की मी उचलायचं टाळायचे. एसटीत खाकीतलं कुणी जवळ आलं तरी मी आखडून बसायचे, आणि तो कंडक्टर असायचा. मुलींकडे बघितलं की नोकरी गेलेली दिसायची, तुरुंगही दिसायचा. शेवटी धीर करून अव्वल कारकुनांना सांगितलं की आकडे दिसतायत. ते चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं.

"पेन्सिल कुणाची हुती ते आता कुणाला बी कळणार न्हाई, वहिनी," ते म्हणाले. "शाईतलं अक्षर तुमचं हाय."

मग त्यांनी मुलींच्या शाळेची चौकशी केली. फाइल तुम्हीच दाखवा, बाईमाणसाला बाईमाणूस बरं पडतं, असंही म्हणाले.

ती आली तेव्हा मी खिडकीपासून लांब, कपाटाच्या आडोशाला तिला बसवलं. तक्त्याची कड बोटांनी दाबून धरली, कागद उचलला जाऊ नये म्हणून. ती भांडेल असं मला वाटलं होतं, आणि त्याची मी तयारीही केली होती. ती त्या तीनकडे नुसती बघत राहिली. कागद उचलायचं तिच्या मनातही आलं नाही.

"ताई, तुमी दाराशी हुता," ती म्हणाली. "माझं काय चुकलं?"

तिला वाटत होतं की आपण बरं बोललो. घरचे म्हणत होते, तुला चारचौघांत बोलता येत नाही, उगं परीक्षांच्या नादी लागू नको. तिला भांडायचं नव्हतं. चूक कळली तर पुढच्या वेळी सुधारता येईल, एवढ्यासाठी ती गाडी बदलून आली होती. मला तिची कुऱ्हाडीची गोष्ट शब्द न् शब्द आठवत होती. माझी बोटं कागदावर होती.

"आवाज बारीक पडला तुमचा," मी म्हणाले. "साहेब लोकांना ठासून बोलणारं माणूस लागतं."

तिनं पिशवीतून वही काढली आणि ते लिहून घेतलं. फाइल बघितल्याची सही केली, माझे आभार मानले आणि गेली. मला हायसं वाटलं. लाज नंतर वाटली, पण आधी हायसं वाटलं, हे लपवण्यात अर्थ नाही.

पुढच्या वर्षी एका कंत्राटी जागेच्या मुलाखती आमच्याच सभागृहात झाल्या. अव्वल कारकून निवृत्त झाले होते, समिती बाहेरून आली होती, आणि त्या जागेसाठी कुणाचाही फोन आला नव्हता. मी दाराशीच होते. यादीत तिचं नाव बघून मी मान खाली घातली, पण ती ओळखीचं हसून आत गेली. आणि सभेत भाषण ठोकावं तशी ओरडून बोलायला लागली. उत्तरं बरोबर होती. प्रत्येक शब्द मात्र ती समोरच्यांवर आदळत होती. एका मॅडमनी जरा हळू बोला म्हणून सांगितलं. मुद्दाम आपल्याला जोखतायत असं समजून तिनं आवाज आणखी चढवला. आत कुणीतरी हसलं. तक्त्यावर तिच्यापुढं वीसपैकी सहा पडले, आणि ते सहा कुणीही बदललेले नव्हते.

ती घामाघूम होऊन बाहेर आली, पण चेहरा खुललेला होता.

"ताई, आज नीट ऐकू गेलं ना?"

मी हो म्हणाले आणि पुढच्या उमेदवाराचं नाव पुकारलं.