साहेबाच्या तोंडावर रेती

किस्से काही कोणी ठरवून जमवत नाही. दुबईजवळ अजमानच्या आमच्या फ्लॅटमध्ये दर शुक्रवारी संध्याकाळी बाल्कनीत बूट झटकले की मूठभर रेती पडायची, आणि तिच्याबरोबर एखादा किस्सा. रेती मी सुपलीत भरून टाकून देत असे. किस्से राहिले. नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं, नवं लग्न, आणि मी फारशी बोलत नसे. न बोलणाऱ्या माणसाकडे किस्से जरा जास्तच साचतात!

*

लग्नानंतर तिसऱ्याच शुक्रवारी शेखर मला दुबईच्या रेसकोर्सवर घेऊन गेला. ही बातमी मी फोनवर आईला दिली. ठाण्याहून आधी टीव्ही बंद केल्याचा आवाज. मग, "जावई रेस खेळतात? आणि तुलाही नेतात?"

"आई, इथे पैसे लावायला बंदी आहे. एन्ट्री फुकट. एक कूपन देतात, तेही फुकट. प्रत्येक शर्यतीत कोण जिंकेल त्यावर खूण करायची. एक प्रत पेटीत टाकायची, एक आपल्याकडे ठेवायची. सगळे बरोबर आले तर बक्षीस."

"आणि चुकले तर?"

"तर घरी यायचं."

आईने थोडा विचार केला. "मग जावयांना यात मजा ती काय येते?"

*

रेसकोर्सवर आमचा कंपू ठरलेला. आम्ही दोघं, पुण्याचे देवधरकाका आणि नलूकाकू. काका ऑफिसात ऑडिटर, त्यामुळे रेसलाही फाइल घेऊन यायचे.

त्या काळी इंग्लंडहून बरेच घोडे दुबईत येत. तिकडे हिवाळ्यात शर्यती कृत्रिम ट्रॅकवर व्हायच्या. वाळूत धागे आणि काहीतरी तेलकट कालवून केलेला ट्रॅक, एकदम गालिचा! आणि इथे साधी, सुटी रेती. तिकडचा हिरो इथे चालणार का, हा आमचा दर शुक्रवारचा प्रश्न.

काकांची पद्धत पक्की होती. "पहिलं म्हणजे, बाप कोण? बाप अमेरिकेच्या मातीत पळालेला असेल तर पोरगा रेतीत चालतो. दुसरं, अंगापिंडाने कसा आहे? तिसरं, आजवरचं रेकॉर्ड."

नलूकाकू डब्यातून साटोऱ्या काढत म्हणाल्या, "मला बघायला आले तेव्हा हेच तीन प्रश्न विचारले होते यांनी. ह्याच क्रमाने!"

काकांनी फाइलमधून मान वर केली नाही. "मग? निर्णय चुकला का?"

"तुमचा नाही चुकला. मी काहीच विचारलं नव्हतं!"

*

कंपूतला पाचवा माणूस कठड्याच्या पलीकडचा. इब्राहिमभाई. दापोलीजवळच्या एका गावचे, वीसेक वर्षं तबेल्यात घोड्यांची देखभाल करणारे. पहिल्याच दिवशी मला मराठीत बोलताना ऐकून कठड्यापाशी येऊन म्हणाले, "नवीन दिसता वहिनी. घाबरू नका, घोडे माणसांपेक्षा बरे!"

त्या वर्षी त्यांच्याकडे एक तपकिरी घोडा आला. इंग्लंडच्या गालिच्यावर चार शर्यती जिंकलेला. चारही वेळा शेवटपर्यंत मागे राहून, अगदी अखेरीला सगळ्यांना मागे टाकून. त्याचं खरं नाव लांबलचक होतं. इब्राहिमभाई त्याला साहेब म्हणत. साहेबाला कोमट पाणी लागे, ब्रश मऊ लागे, आणि शेजारच्या घोड्याने शिंकलेलं चालत नसे.

काकांनी फाइल उघडली. बाप ठीक, बांधा उत्तम, रेकॉर्ड अप्रतिम. "डोळे मिटून खूण करा!"

आम्ही सगळ्यांनी डोळे मिटून खूण केली.

साहेब सवयीप्रमाणे मागे राहिला. पुढच्या अकरा घोड्यांच्या टापांनी उडवलेली रेती त्याच्या तोंडावर बसली. त्याने मान वर केली, बाजूला झाला, आणि चक्क चालायला लागला. शेवटचा!

"अंतर कमी पडलं त्याला," काका म्हणाले.

इब्राहिमभाई स्पंजने त्याच्या नाकपुड्या पुसत होते. "अंतर नाय हो काका. जन्मात पहिल्यांदा कोणीतरी त्याच्या तोंडावर काय फेकलंय. अपमान झालाय त्याचा!"

*

दुसऱ्या वेळी रेती जाऊ नये म्हणून साहेबाच्या डोळ्यांवर जाळीच्या वाट्या बांधल्या होत्या. तो शेवटून तिसरा आला.

"सुधारणा आहे," शेखर म्हणाला.

"सुधारणा नाय," इब्राहिमभाई म्हणाले. "दोन घोडे लंगडले."

त्या दिवशी त्यांनी साटोरी हातात घेतली आणि तशीच धरून ठेवली. ट्रेनरने सांगितलं होतं, आणखी एक शर्यत. नाही जमलं तर मालक त्याला विकणार, कुठल्या देशात ते माहीत नाही.

"तुम्हाला दुसरा घोडा देतील ना?" शेखरने विचारलं.

"देतील की. इथे घोड्यांची काय कमी?" असं म्हणून ते बराच वेळ साहेबाच्या मानेवरचा एकच केसांचा झुपका विंचरत राहिले.

*

मधल्या एका सकाळी त्यांनी आम्हाला तबेल्यात बोलावलं. बघतो तर इब्राहिमभाई मगने साहेबाच्या छातीवर आणि मानेवर रेती फेकतायत, आणि प्रत्येक मगामागे माफी मागतायत! "यल्ला साहेब, चल, माफ कर रे. अजून एक. माफ कर रे बाबा."

"काय करताय हे?" शेखरने विचारलं.

"सवय लावतोय. पंधरा दिवस झाले."

"लागली?"

"मला लागली. त्याला नाय!"

काका फाइलमध्ये शिरले. शेखरने जाळीऐवजी गॉगल लावण्याची आयडिया काढली. मी साहेबाकडे बघत होते. तो रेतीला घाबरत नव्हता. तो फक्त मान वळवून, आणखी किती वेळ चालणार हे, असं बघत होता. नव्या घरात गेल्यावर असं बघणं मला चांगलं ओळखीचं होतं.

"त्याला पहिल्यापासून पुढेच ठेवलं तर?" मी म्हणाले.

सगळे माझ्याकडे वळले. त्या कंपूत मी स्वतःहून बोललेलं हे पहिलं वाक्य असावं.

"वहिनी," काका समजावणीच्या सुरात म्हणाले, "तो मागून येऊन जिंकणारा घोडा आहे. चारही वेळा. रेकॉर्ड आहे!"

"हो, पण तिकडे मागे राहिलं तरी तोंडावर काही येत नव्हतं. इथे येतं. सगळ्यात पुढे असेल तर कोण फेकणार?"

काकांनी फाइलीतलं एक पान उलटलं, परत मागे आणलं. मग त्यांनी फाइल मिटली.

*

इब्राहिमभाईंनी ते ट्रेनरच्या कानावर घातलं. ट्रेनर इंग्लिश माणूस, भुवई चढवून त्याने विचारलं, हे कोणी सांगितलं?

"लेडी एक्स्पर्ट, सर. फ्रॉम इंडिया."

"किती वर्षांचा अनुभव?"

इब्राहिमभाई आम्हाला सांगताना पोट धरून हसत होते. "मी बोललो, सर, लग्नाला सहा महिने झाले!"

*

तिसरी शर्यत. गेट उघडताच जॉकीने साहेबाला हाकललं आणि तो सरळ पुढे निघाला. एकटा. पुढे नुसती मोकळी रेती, मागे रेतीचा लोट आणि त्यात अकरा घोडे. वळणावर नलूकाकूंनी माझा दंड धरला. शेवटच्या शंभर मीटरमध्ये एक काळा घोडा त्याच्या कंबरेपर्यंत आला, मग मानेपर्यंत. काका उभे राहून ओरडत होते, "अरे पळ! रेकॉर्ड गेलं खड्ड्यात, पळ!"

साहेब मानेच्या अंतराने जिंकला.

इब्राहिमभाई लगाम धरून धावतच कठड्यापाशी आले. "ट्रेनर बोलला, राहतोय. साहेब इथेच राहतोय." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "वहिनी, तुमचं कूपन द्या मला. साहेबावर खूण केलेलं. तबेल्याच्या दारावर लावतो. सगळ्यांना दाखवतो."

शेखर एकदम विमानं उडतायत का ते बघायला लागला. नलूकाकू डबा आवरू लागल्या. माझं कूपन माझ्या मुठीत होतं, आणि त्यावर त्या शर्यतीसमोर मी काळ्या घोड्यावर खूण केलेली होती. काकांनी सांगितलं होतं म्हणून. कंपूत कोणीच साहेबावर खूण केली नव्हती.

"द्या ना वहिनी," इब्राहिमभाई म्हणाले.

तेवढ्यात देवधरकाका, तीस वर्षं ऑडिटमध्ये काढलेले देवधरकाका, आमच्याकडे पाठ करून उभे राहिले. फाइलीतून एक कोरं कूपन निघालं. शाईचं पेन उघडलं. दोन सेकंदांनी वळून त्यांनी ते कठड्यावरून पुढे केलं.

"वहिनींचं माझ्याकडे होतं. हे घ्या."

इब्राहिमभाईंनी ते हातात घेतलं, नीट पाहिलं. मग शाईवर हळूच फुंकर घातली, ती वाळेपर्यंत थांबले, आणि कूपन घडी करून शर्टाच्या खिशात ठेवलं.